सील फोडायचं की तसंच ठेवायचं? स्टीलबुक आणि बॉक्ससेटसाठी पायरीवार पद्धत

"सील फोडू का?" असं विचारणारा मेसेज आला की सोबत बहुतेक वेळा एक फोटो असतो. परदेशातून नुकतंच आलेलं स्टीलबुक, म्हणजे चित्रपटाच्या डिस्कचा छापील पत्र्याचा डबा, अजून पारदर्शक वेष्टनात. प्रश्न योग्यच आहे, पण तो यायला उशीर झालेला असतो. विचारणाऱ्याने तोवर दोनपैकी एक चूक केलेली असते. कुणी पार्सल आल्या आल्या कटर चालवून पत्र्यावर ओरखडा पाडलेला असतो, तर कुणी "सुट्टीत बघू" म्हणत डबा कपाटात ठेवून बदलून मिळायची मुदत घालवलेली असते.

यातली दुसरी चूक मीही केली आहे. चार डिस्कचा एक बॉक्ससेट मी तीन वर्षं सीलबंद जपला. दिवाळीच्या सुट्टीत हौसेने उघडला, तर आत पहिली डिस्क दोनदा आणि तिसरी नाहीच. विक्रेत्याने नम्रपणे कळवलं की तक्रारीची मुदत केव्हाच संपली. तोवर ती आवृत्तीही बाजारातून गेली होती. तो सेट आजही अपुरा आहे. वेष्टनावर एक सुरकुती पडू नये म्हणून मी तीन वर्षं काळजी घेतली, आणि आत काय आहे हे एकदाही पाहिलं नाही.

म्हणून माझं मत आधीच सांगतो. सीलबंद डबा म्हणजे आतला माल कुणीच न पाहिलेला डबा. उघडणं हा नियम आणि न उघडणं हा अपवाद. अपवाद जरूर करावा, पण त्याचं कारण सांगता आलं पाहिजे. खाली ब्लू-रे, ४के (ब्लू-रेहून अधिक स्पष्ट चित्राची डिस्क) आणि डीव्हीडीच्या संग्राह्य आवृत्त्यांसाठी सगळा क्रम दिला आहे. क्रम मोडू नका, कारण यातल्या काही गोष्टी सील शाबूत असतानाच करता येतात.

## १. पार्सल आल्या दिवशी: सीलला हात न लावता

कुरिअरचा खोका फोडायच्या आधीच मोबाइलवर चित्रीकरण सुरू करा. खोक्याच्या सहाही बाजू, त्यावरचं लेबल, मग खोका उघडताना आणि शेवटी डबा बाहेर काढताना, हे सगळं एकाच सलग व्हिडिओत हवं. मध्ये थांबवून जोडलेला व्हिडिओ विक्रेते मान्य करत नाहीत. परदेशातून आलेलं पार्सल कधी कधी कस्टममध्ये उघडून पुन्हा चिकटवलेलं असतं. त्या पट्टीचाही फोटो काढून ठेवा.

आता डबा उजेडात धरा. स्टीलबुकचे चारही कोपरे बघा. डब्याचा कणा, म्हणजे पुस्तकासारखी अरुंद बाजू, डोळ्यांच्या रेषेत आडवा धरून बघा, कारण पत्र्यावरचा पोचा समोरून दिसत नाही, तिरक्या उजेडात दिसतो. वेष्टन फाटलेलं नसतानाही आतला पत्रा दबलेला असू शकतो.

मग डबा दोन्ही हातांत धरून अगदी हळू एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे कलवा, आणि कान द्या.

सावधान: आतून खडखड किंवा घसरल्याचा आवाज आला तर डिस्क मधल्या खुंटीवरून सुटली आहे. डबा पुन्हा हलवू नका. प्रत्येक हालचालीत ती डिस्क आतल्या प्लॅस्टिकवर घासली जाते. अशा वेळी सील ठेवायचं की नाही हा प्रश्न उरतच नाही. डबा आडवा ठेवा, विक्रेत्याला लगेच कळवा आणि तो सांगेल तसं करा. परत पाठवायचा नसेल तर त्याच दिवशी उघडा.

शेवटचं काम म्हणजे विक्रेत्याची परतीची मुदत शोधून ती तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकणं. पुढचा निर्णय त्या तारखेच्या निदान तीन दिवस आधी झालेला हवा.

## २. सील कारखान्याचं आहे का?

नव्या मालाच्या बाबतीत ही पायरी झटकन उरकते. दुसऱ्या संग्राहकाकडून किंवा ऑनलाइन बाजारातून "सीलबंद" म्हणून घेतलेल्या डब्याच्या बाबतीत मात्र इथे वेळ द्या.

कारखान्यात दोन प्रकारची वेष्टनं घालतात. एक प्रकार बिस्किटपुड्यासारखा असतो. पातळ कागदासारखं वेष्टन गुंडाळून त्याच्या दोन्ही टोकांना पाकिटासारख्या घड्या घालून चिकटवलेलं. या घड्या दोन्ही टोकांना सारख्या आणि सरळ असतात. दुसरा प्रकार म्हणजे गरम हवेने आकसवलेलं वेष्टन. त्यावर कडेने एक बारीक जोड असतो आणि हवा जाण्यासाठी बारीक भोकंही असतात.

आकसणारं वेष्टन कुणालाही विकत मिळतं आणि घरच्या ड्रायरनेही ते घट्ट बसवता येतं. त्यामुळे वेष्टन आहे म्हणजे डबा न उघडलेला आहे असं मानू नका. कोपऱ्यात वितळून गोळा झालेलं प्लॅस्टिक, वाकडा जोड किंवा वेष्टनाच्या आत अडकलेला केस दिसला तर शंका घ्या. सर्वांत बोलकी खूण स्टिकरची. जो जाहिरातीचा स्टिकर एरवी वेष्टनावर असतो तोच जर वेष्टनाच्या आत दिसला, तर डबा एकदा उघडून पुन्हा बांधलेला आहे.

## ३. पाठीमागचा मजकूर वाचा

सर्वांत जास्त लोक हीच पायरी गाळतात आणि नंतर सर्वांत जास्त हळहळतात. सील फोडलं आणि डिस्क प्लेअरवर चाललीच नाही, तर "माझ्या प्लेअरचा विभाग वेगळा आहे" या कारणासाठी उघडलेला माल परत घेतला जात नाही.

डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल हे तिच्या विभागावरून ठरतं. ब्लू-रेचे असे तीन विभाग आहेत. अमेरिका, जपान, कोरिया हे ए विभागात. युरोप आणि ऑस्ट्रेलिया बी मध्ये. भारत, चीन आणि रशिया सी मध्ये. डब्यामागे पृथ्वीगोलासारखं छोटं चिन्ह असतं आणि त्यात ए, बी, सी यांपैकी अक्षरं असतात. तीनही असतील तर डिस्क कुठेही चालेल. ४के डिस्कना मात्र विभागाची अट नाही. अनेक सेटमध्ये ४के डिस्कबरोबर साधी ब्लू-रेही असते आणि पुरवणीचा मजकूर, म्हणजे मुलाखती आणि माहितीपट, बहुधा त्या ब्लू-रेवर असतो. ती ए विभागापुरती असेल तर चित्रपट चालेल आणि पुरवणी बंद राहील. डीव्हीडीची विभागणी निराळी आहे. तिथे भारत पाचव्या विभागात येतो.

प्लेअरही तपासा. डिस्क ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ ४के डिस्क चालवतो. प्लेस्टेशन ४ आणि ४ प्रो चालवत नाहीत, नावात प्रो असलं तरी.

याच पाठीवर डिस्कची संख्या, भाषा, उपशीर्षकं आणि अमेरिकन आवृत्ती असेल तर डिजिटल कोडची मुदत छापलेली असते. चित्रपट ऑनलाइन मिळवण्याचा हा कोड आत कागदावर असतो आणि त्याला शेवटची तारीख असते. "कोडसकट सीलबंद" म्हणून जपलेले कितीतरी डबे असे आहेत की त्यांचे कोड केव्हाच मेले. असे कोड चालवणारी अल्ट्राव्हायोलेट नावाची अख्खी सेवाच ३१ जुलै २०१९ रोजी बंद झाली. तिच्या कोडसाठी सील जपण्यात आता काहीच अर्थ नाही.

तपासा: विभाग जुळतो? डिस्कचा प्रकार प्लेअरला चालतो? किती डिस्क असायला हव्यात हे लिहून घेतलं? तीनही उत्तरं मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. विभाग जुळत नसेल तर सीलबंदच परत करा किंवा विका.

## ४. निर्णय

आता मूळ प्रश्न. डबा कोणत्या प्रकारचा आहे त्यावर उत्तर अवलंबून आहे.

साधं स्टीलबुक, सगळीकडे मिळणारं. उघडा. हा चित्रपट पाहण्यासाठीच घेतला आहे. "पुढे किंमत वाढेल" हा हिशेब इथे फारसा जमत नाही, कारण लोकप्रिय चित्रपटांची नवी आवृत्ती येतच राहते. नवी ४के आवृत्ती आली की जुन्या ब्लू-रे स्टीलबुकची मागणी घसरते.

ॲरो, इंडिकेटर, इम्प्रिंट यांसारख्या लेबलांची, म्हणजे डिस्क काढणाऱ्या कंपन्यांची, मर्यादित आवृत्ती. कडक पुठ्ठ्याचा खोका, पुस्तिका, कधी पोस्टर. अशा अनेक चित्रपटांची नंतर साधी आवृत्ती निघते आणि तिच्यात पुस्तिका किंवा खोका नसतो. म्हणजे इथे खरी किंमत कागदाची आहे. असे सेट घेणारे लोक बहुधा पाहणारे आणि वाचणारे असतात. उघडलेला पण पूर्ण आणि स्वच्छ सेट त्यांना चालतो. न फाटलेलं वेष्टन आणि आत दमट होऊन पानं चिकटलेली पुस्तिका, हा सौदा तोट्याचा. उघडा.

जुनी डीव्हीडी, सीलबंद. उघडा, आणि लवकर. डीव्हीडीच्या आतला परावर्तक थर कालांतराने खराब होऊ शकतो, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा कारखान्यातल्या जोडणीत असतं. वॉर्नर ब्रदर्सने २०२५ मध्ये मान्य केलं की २००६ ते २००८ या काळात बनलेल्या त्यांच्या काही डीव्हीडींमध्ये दोष आहे, आणि शक्य तिथे बदलून द्यायची तयारी दाखवली. अशा दोषाला बाहेरचं वेष्टन काहीही करू शकत नाही. डिस्क सीलमध्ये असली तरी तशीच खराब होते, फरक इतकाच की तुम्हाला कळत नाही.

मोठा खोका: आत पुतळा, कापड, फोम. उघडा. फोम वर्षागणिक विरघळल्यासारखा होतो, चिकट होतो आणि ज्याला टेकलेला असतो त्याला चिकटतो. १९८० च्या दशकातल्या काही सीडी संचांत फोमच्या गाद्यांनी डिस्कच खराब केल्या होत्या. असा खोका उघडून फोमला टेकलेली डिस्क किंवा छापील वस्तू वेगळी काढली पाहिजे.

क्रमांकित, थोड्या प्रतींची आवृत्ती. चेक प्रजासत्ताकातली फिल्मअरीना, हाँगकाँगची मँटा लॅब, कोरियाची नोव्हा मीडिया आणि प्लेन आर्काइव्ह, यांचे सेट या वर्गात येतात. खरी द्विधा इथेच आहे. यांत पत्र्याचा डबा पूर्ण झाकणारं पुठ्ठ्याचं आवरण, कलवल्यावर चित्र हलल्यासारखं दिसणारी छपाई, छायाचित्रांची पाकिटं आणि प्रतीचा क्रमांक असतो. न उघडलेल्या प्रतीला जास्त किंमत येते हे खरं आहे.

अशा सेटसाठी मी तीन अटी लावतो. एक, तो चित्रपट पाहायला माझ्याकडे दुसरी डिस्क आहे. दोन, तो कोरडा ठेवायला माझ्याकडे जागा आहे. तीन, तो मी विकणार आहे किंवा कुणाला देणार आहे, आणि अंदाजे कधी हेही ठरलेलं आहे. तीनही पूर्ण असतील तर सील ठेवा. एकही हुकली तर उघडा. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. "कधीतरी विकू" असं म्हणणारे विकत नाहीत, मग तो डबा ना पाहिला जातो ना विकला जातो.

एकाच आवृत्तीच्या दोन प्रती घ्याव्यात का, एक पाहायला आणि एक ठेवायला? मी घेत नाही. कस्टम आणि टपालखर्च धरला तर दुसऱ्या प्रतीच्या पैशात आणखी एक चांगला चित्रपट घरी येतो.

## ५. उघडण्याची तयारी

टेबल रिकामं करा. त्यावर जुना, मऊ, धुतलेला सुती कपडा अंथरा. टर्किश टॉवेल नको, त्याचे धागे सुटतात. पंखा बंद करा, नाहीतर वेष्टनाचे कपटे आणि धूळ स्थिर विजेने डिस्कला चिकटते. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा. पत्र्यावरचे कितीतरी बारीक ओरखडे अंगठीचे असतात.

जवळ ठेवायच्या वस्तू: जुनं प्लॅस्टिकचं कार्ड, बटर पेपर, मायक्रोफायबरचा कोरडा कपडा, टॉर्च, आणि एक लिफाफा.

सावधान: कटर, ब्लेड, सुरी, कात्रीचं टोक, किल्ली, यांतलं काहीही टेबलावर नको. हाताशी असलं की वापरलं जातंच.

## ६. वेष्टन काढणं

पहिल्या प्रकारच्या, म्हणजे घडीच्या वेष्टनात वरच्या टोकाला घडीची त्रिकोणी कड शोधा. ती नखाने किंवा कार्डाच्या कोपऱ्याने उचला आणि डब्यापासून दूर, बाहेरच्या दिशेने ओढा. पूर्ण टोक मोकळं झालं की डबा त्यातून सरकवून बाहेर काढता येतो आणि वेष्टन जवळजवळ अख्खं राहतं.

आकसलेल्या वेष्टनात स्टीलबुकच्या उघडणाऱ्या बाजूला जा. पुढचा आणि मागचा पत्रा जिथे भेटतात तिथे लांबच लांब खाच असते. त्या खाचेवर वेष्टन अधांतरी ताणलेलं असतं, पत्र्याला टेकलेलं नसतं. अंगठ्याचं नख तिथे मधोमध दाबा. वेष्टन आत जाईल आणि "टप" असा बारीक आवाज होऊन फाटेल. त्या भोकात कार्डाचा कोपरा घालून खाचेतूनच वर आणि खाली सरकवा. कार्ड कधीही पत्र्याच्या सपाट भागावर येऊ देऊ नका.

पुठ्ठ्याच्या खोक्याला अशी खाच नसते. तिथे खोक्याच्या उघड्या तोंडाची बाजू बघा, जिथून आतल्या डब्यांचे कणे दिसतात. आतल्या डब्याचा कणा आणि पुठ्ठ्याची कड यांच्यामधल्या फटीवर नख लावा. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यावर जोर दिलात तर तिथली छपाई वेष्टनाबरोबर सोलून येते.

काही जण फक्त तोंडाकडची बाजू फाडतात आणि बाकीचं वेष्टन तसंच चढवून ठेवतात. स्टीलबुकला काही काळ चालतं. पुठ्ठ्याला नको. आकसलेलं वेष्टन ताणलेलंच राहतं आणि पुठ्ठा हळूहळू धनुष्यासारखा वाकतो.

वेष्टनावर जाहिरातीचा स्टिकर असेल तर वेष्टन निघाल्यावर, डब्यापासून दूर नेऊन, त्याच्या भोवतीचा तुकडा कापा, बटर पेपरवर ठेवा आणि लिफाफ्यात घाला. पुढे विकताना "सगळं आहे" असं म्हणता येतं.

## ७. पाठीवरचा कागद

स्टीलबुकच्या मागे माहिती आणि बारकोड छापलेला कागद असतो. त्याला संग्राहक जे-कार्ड म्हणतात. काही डब्यांवर तो फक्त वेष्टनाने धरलेला असतो, काहींवर रबरासारख्या डिंकाच्या ठिपक्यांनी. खेचायच्या आधी एका कोपऱ्याखाली कार्ड हळूच सरकवून अंदाज घ्या.

डिंक असेल तर हेअर ड्रायर सर्वांत कमी उष्णतेवर, वीतभर अंतरावरून, दहा-पंधरा सेकंद फिरवा. मग कागद पत्र्याला समांतर, सावकाश मागे घ्या. सरळ वर उचलू नका, कागद फाटतो. पत्र्यावर राहिलेला डिंक बोटाच्या पेराने एकाच दिशेने चोळा, त्याची गोळी होऊन निघते.

सावधान: नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, स्पिरिट यांपैकी काहीही मॅट छपाईच्या पत्र्याला लावू नका. डाग जातो आणि त्याच्याबरोबर छपाईही जाते, किंवा तिथे कायमचा चमकदार चट्टा उठतो.

कागद टाकू नका. बारकोड, डिस्कची संख्या आणि विभाग त्याच्यावरच असतात. घडी न घालता स्टीलबुकच्या मागे, संरक्षक पाकिटात ठेवा.

## ८. डिस्क काढणं आणि बघणं

कडेला धरून डिस्क उपटणं ही सर्वांत महागडी चूक. डिस्क वाकते, मधल्या भोकाशी बारीक तडा जातो. डीव्हीडी तर अर्ध्या जाडीच्या दोन चकत्या चिकटवून बनते, वाकवल्यावर तो जोडच उकलू शकतो.

एका बोटाने मधली खुंटी खाली दाबा. खुंटीच्या पाकळ्या आत जातात आणि डिस्क स्वतःच किंचित उचलली जाते. मग कड आणि मधलं भोक यांवरच बोटं ठेवून घ्या. खुंटी फार घट्ट असेल तर दाब धरूनच दुसऱ्या हाताने डिस्क दोन्ही बाजूंनी सारखी उचला.

आता टॉर्च तिरका धरा. प्रथम ओरखडे बघा. ब्लू-रेचा माहितीचा थर पृष्ठभागाखाली फक्त ०.१ मिलिमीटरवर असतो. डीव्हीडीत तो मध्यावर, ०.६ मिलिमीटरवर. म्हणून ब्लू-रेवर कडक लेप असतो आणि ती सहसा ओरखडत नाही. पण ओरखडा त्या लेपातून आत गेलाच, तर डीव्हीडीसारखी घासून दुरुस्त करता येत नाही.

मग बाहेरची कड बघा. खराबी अनेकदा कडेपासून आत सरकते: तपकिरी छटा, ढगासारखे डाग, कॉफी सांडल्यासारखे ठिपके. शेवटी टॉर्च डिस्कच्या मागे धरा आणि सुईने टोचल्यासारखी प्रकाशाची भोकं दिसतात का ते बघा.

इथे बरेच जण उगाच घाबरतात. दोन थरांची डीव्हीडी मुळातच किंचित सोनेरी दिसते. ब्लू-रेला निळसर-जांभळी झाक असते. रंग सगळीकडे एकसारखा असेल तर तो दोष नाही. दोषाला कड असते, आकार असतो.

धूळ असेल तर मायक्रोफायबरने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल फिरवून पुसू नका. गोल ओरखडा वाचणाऱ्या किरणाच्या वाटेनेच जातो आणि सलग बरीच माहिती अडवतो.

तपासा: पाठीवर लिहिलेल्या डिस्क आणि हातातल्या डिस्क जुळतात? प्रत्येकीवरचा क्रमांक वेगळा आहे? पुस्तिकेची सगळी पानं लागोपाठ आहेत? माझ्या अपुऱ्या सेटमागे हीच तीन मिनिटं आहेत.

## ९. चालवून बघणं

मेनू उघडला म्हणजे डिस्क चांगली असं नाही. डिस्क वाचायला मध्याजवळून सुरुवात होते आणि त्रास बहुधा बाहेरच्या कडेशी येतो. शिवाय एका थरावरून दुसऱ्या थरावर जाताना चित्र अडकू शकतं. १०० जीबीच्या ४के डिस्कला तीन थर असतात, म्हणजे अशा दोन जागा. चित्रपटाचे भाग (चॅप्टर) उड्या मारत पाहिले तर त्या नेमक्या जागा हुकतात. मुदतीच्या आत मुख्य चित्रपट सलग पाहणं हाच खात्रीचा उपाय, आणि घेतलाही त्यासाठीच आहे. पुरवणीच्या डिस्कवर प्रत्येक भागाची सुरुवात आणि शेवट बघितला तरी भागतं.

चित्र अडकलं तर तास-मिनिट-सेकंद लिहून ठेवा. डिस्क काढा, पुसा, तिथूनच पुन्हा चालवा. जमल्यास मित्राच्या प्लेअरवर तीच जागा बघा. दोन्हीकडे त्याच सेकंदाला अडकलं तर डिस्कचा दोष. फक्त तुमच्याकडे अडकलं तर आधी प्लेअरचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा. तक्रारीसोबत पडद्यावरची वेळ दिसेल असा व्हिडिओ जोडा.

## १०. ठेवण्याची जागा

अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीने २००३ च्या मार्गदर्शनात डिस्कच्या दीर्घ साठवणीसाठी ४ ते २० अंश सेल्सिअस तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सुचवली आहे. मुंबईत किंवा रत्नागिरीत जुलै महिन्यात हे घरात जमणं कठीण. पण जवळ जाता येतं.

बाहेरच्या किंवा बाथरूमच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा, तिथे ओल येते. खालचा खण टाळा. कपाटात सिलिका जेलची, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांची, पुडी आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ ठेवा. ६० टक्क्यांच्या वर काटा रेंगाळू लागला की सिलिका जेल बदलायची वेळ झाली. नारिंगी दाणे ओल शोषून हिरवे होतात, म्हणजे नजरेला कळतं. भिजलेली पुडी तशीच ठेवू नका, हवा कोरडी झाली की ती ओल परत सोडते.

किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी स्टीलबुकच्या कडा आणि बिजागरीची घडी बघावी. तिथली छपाई टवकली की पत्रा गंजतो, आणि तो गंज वेष्टनाच्या आतही वाढतो.

संरक्षक पाकीट पॉलिप्रॉपिलीन किंवा पीईटीचं घ्या. मऊ पीव्हीसी नको. त्यातला तेलकट अंश कालांतराने छपाईला चिकटतो. उघडल्यावर नव्या रेनकोटसारखा वास आला तर ते पीव्हीसी समजा आणि वापरू नका.

डबे पुस्तकांसारखे उभे ठेवा, एकमेकांत बोट जाईल इतके सैल. आडवी चवड रचली तर खालच्या स्टीलबुकचा पत्रा दबतो. खिडकीतलं ऊन कण्यावर पडलं की लाल आणि पिवळा रंग आधी उडतो.

सावधान: झुरळं आणि कसर पुस्तिका खातात हे खरं, पण म्हणून डिस्कच्या कपाटात डांबरगोळ्या ठेवू नका. त्यांच्या वाफेने काही प्रकारचं प्लॅस्टिक मऊ पडतं. कपाट दर महिन्याला उघडून कोरड्या कपड्याने पुसा, पुठ्ठ्याचे रिकामे खोके जवळ साठवू नका.

## ११. सील ठेवलंच असेल तर

सील ठेवणं म्हणजे विसरणं नाही. दर वर्षी दोनदा, पावसाळ्याआधी मेअखेर आणि नंतर ऑक्टोबरमध्ये, प्रत्येक सीलबंद डबा हातात घ्या. वेष्टनाच्या आत बाष्पाचे थेंब किंवा पांढुरकी बुरशी, कडेला गंज, पुठ्ठ्याला बाक, कलवल्यावर खडखड: यांतलं एक जरी दिसलं तरी त्या दिवशी उघडा. सील वाचवायला थांबलात तर आतलं जाईल.

प्रत्येक डब्याची नोंद ठेवा: कधी घेतला, कितीला, कुठून, प्रतीचा क्रमांक, शेवटचं कधी बघितलं, आणि का ठेवला. शेवटच्या रकान्यात लिहायला काही सुचेना, तर तो डबा याच शनिवारी उघडायला हरकत नाही.

## १२. विकताना

न उघडलेला डबा विकताना "डिस्क उत्तम स्थितीत" असं लिहू नका. तुम्ही ती पाहिलेली नाही. "सील शाबूत, आतलं तपासलेलं नाही" असं लिहा आणि कोपऱ्यांचे, कण्याचे तिरक्या उजेडातले फोटो द्या. उघडलेला डबा विकताना "उघडून तपासला, पूर्ण चालवून बघितला, जे-कार्ड आणि स्टिकर सोबत" हे वाक्य बऱ्याच खरेदीदारांना वेष्टनापेक्षा जास्त धीर देतं.

पाठवताना स्टीलबुक आधी पाकिटात, मग दोन्ही बाजूंना डब्याहून अर्धा इंच मोठे पुठ्ठे, मग बबल रॅप, मग खोका. नुसत्या बबल पाकिटात पाठवलेलं स्टीलबुक कोपरा दबूनच पोहोचतं. चिकटपट्टी थेट वेष्टनाला लावू नका, ती काढताना सीलच फाटतं.